पूजेनंतर मोजले नाही

झांबरेसरांनी माझं नुकसान केलं, हे मी आजही म्हणतो. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडा. पण मी काही ते मुद्दाम धरून बसलेलो नाही. जुना मुरगळलेला पाय असतो ना, थंडी पडली की आपोआप दुखतो, तसं ते आहे. गंमत एवढीच, की ज्या माणसाने नुकसान केलं त्याच्याबद्दल कोणी वाईट बोललं तर मला खपत नाही. ते बोलायचा हक्क फक्त माझा.

मी मूळचा पहूरचा. जळगावला आलो तेव्हा हातात ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याची कला होती आणि तोंडात भाव करण्याची. पहिली मी शिकलो, दुसरी जन्मतः होती. पुढे औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली आणि बॅटरीत घालायचं पाणी बनवायला लागलो. बोअरचं पाणी उकळायचं, वाफ तांब्याच्या नळीतून थंड करायची, कॅन नि बाटल्या भरायच्या. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळाही तेच पाणी न्यायला लागल्या. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. धंदा बरा चालला होता आणि मला वाटायचं, पाण्यातलं सगळं मला कळतं.

एका दुपारी शेडच्या भिंतीला सायकल टेकवून एक माणूस आत आला. पन्नाशीच्या आतबाहेरचा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, डोक्याला तेलाचा थेंब नाही. आमच्याकडे भर उन्हाळ्यात ज्याच्या डोक्याला तेल नाही तो एकतर आजारी असतो, नाहीतर फार शिकलेला. हा दुसऱ्यातला निघाला. त्याने पिशवीतून माझीच बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे पाणी तुमचं?"

"माझं."

"यात मीठ आहे."

मला राग यायला वेळ लागत नाही. मी विचारलं, कोणी पाठवलं तुम्हाला. त्याने स्टोव्ह मागितला, काचेचा एक तुकडा मागितला, काच तीनदा विसळली, तिच्यावर माझ्या पाण्याचे थेंब टाकले आणि स्टोव्हच्या वर लांब धरून उभा राहिला. थेंब वाळले. प्रत्येक थेंबाच्या जागी एक बारीक पांढरं कडं राहिलं. त्याने काच माझ्या हातात दिली.

"हे तुमच्या बोअरचं आहे. पाणी जोरात उकळलं की तुषार वाफेबरोबर उडून पलीकडे जातात. आग कमी करा."

आग मी मुद्दामच मोठी ठेवत होतो. मोठी आग म्हणजे दिवसाला जास्त कॅन. हे त्यालाही कळलेलं होतं. पण तसं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं आणि ही गोष्ट तिथेच संपली असती.

ते दिगंबर झांबरे. मूळ गाव बोदवड, रसायनशास्त्रात एम.एस्सी. बाहेरगावी एका औषधाच्या कारखान्यात सलाइनच्या पाण्याचं काम बघायचे. ते सोडून जळगावला आले होते आणि पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहात होते. ती नोकरी का सोडली, हे मी नंतर तीन-चारदा विचारलं. एकदाच उत्तर मिळालं: "तिथे तपासणीचे लोक आले की पाणी मोजायचं मीटर बंद पडायचं." बस, एवढंच.

मी त्यांना त्याच दिवशी कामावर ठेवलं. पगाराचा आकडा मी नेहमीप्रमाणे खालून सांगितला, म्हणजे ते वर ओढतील आणि मध्ये कुठेतरी जमेल. ते "बरं" म्हणाले. मी गडबडलो. जो माणूस भाव करत नाही त्याच्याशी व्यवहार कसा करायचा हे मला आजतागायत समजलेलं नाही. वर त्यांनी दोन अटी सांगितल्या. त्यांची काचेची भांडी दुसऱ्या कोणी धुवायची नाहीत, आणि त्यांच्या वहीतलं पान कोणी फाडायचं नाही. मी म्हटलं, तुमची वही कोण कशाला फाडेल? ते म्हणाले, "फाडतात."

आग कमी झाली, पाणी चांगलं झालं. मग सर म्हणाले की उकळण्यात फार जळण जातं. दोन उंच नळकांड्यांत रेझिन भरून त्यातून पाणी सोडलं तर न उकळता त्याहून शुद्ध पाणी मिळतं. रेझिन म्हणजे मोहरीएवढे पिवळे-तपकिरी दाणे. पाण्यातले क्षार ते धरून ठेवतात. असं यंत्र आपणच बनवायचं आणि प्रयोगशाळांना विकायचं, हे मात्र माझ्या डोक्यातून निघालं. सरांना यंत्र विकण्यात रस नव्हता. त्यांना फक्त मीटरचा काटा खाली बघायचा होता. पाण्यातून वीज जितकी कमी वाहते तितकं पाणी शुद्ध, आणि तितका तो काटा खाली. आख्ख्या शेडमध्ये देवाच्या फोटोखालोखाल मान त्या मीटरला होता.

पाणी शुद्ध करणं म्हणजे काहीतरी मोठं शास्त्र असेल अशी माझी समजूत होती. जवळून बघितलं तेव्हा कळलं, त्यात बहुतेक वेळ वाट बघणं असतं. दाणे क्षारांनी भरले की ॲसिड सोडायचं, कॉस्टिक सोडा सोडायचा, मग धुवायचं. धूत राहायचं. काटा खाली येईपर्यंत स्टुलावर बसून राहायचं. मध्येच वीज जायची, पंप बंद पडायचा, आणि वीज आली की सगळं पहिल्यापासून. सरांच्या बोटांची सालं निघालेली असायची. डोळे कायम तांबारलेले. दर अर्ध्या तासाने उठून ते काचेचा ग्लास तीनदा विसळायचे, नमुना घ्यायचे, काटा बघायचे, वहीत लिहायचे आणि पुन्हा बसायचे. मी एकदा म्हटलं, सर, कंटाळा येत नाही? म्हणाले, "येतो की. पण पाण्याला कुठे माहीत आहे मला कंटाळा आलाय ते."

ते विसळणं बघण्यासारखं होतं. पहिलं पाणी तळाशी फिरवून फेकायचं, दुसरं काठापर्यंत नेऊन, आणि तिसऱ्या वेळी ग्लास उलटा धरून उजेडात बघायचा. काचेवर थेंब राहिले तर काच मळकी. पाणी एकसंध उतरलं तर स्वच्छ. चहाचा कपही ते असाच धरायचे. चहावाल्याने बरेच दिवस ते मनाला लावून घेतलं होतं.

त्यांची आवडती समजूत अशी, की शुद्ध पाणी फार भुकेलं असतं. "मिळेल ते खातं, भाऊ. बाटलीची काच खातं, झाकण खातं, नुसतं उघडं ठेवलं तर हवा खातं. आपण त्याला जेवढं स्वच्छ करतो तेवढी त्याची भूक वाढते." म्हणून यंत्राजवळ खारे दाणे खायला बंदी. विडी ओढून आलेल्या माणसाने बादलीवर वाकायलाही बंदी. वयाने मी लहान, पण मालक म्हणून ते मला भाऊ म्हणायचे. आणि त्यांच्या यंत्रापाशी मलाही तीच बंदी होती.

आमच्याकडे लोटननाना म्हणून फिटर होते, धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. यंत्र तयार झालं त्या दिवशी सरांनी पहिला ग्लास त्यांच्या हातात दिला. नानांनी एक घोट घेतला आणि तोंड कडू केलं. "साहेब, हाई पानी पिवाले बी नही ना आंग धोवाले बी नही. मंग कोनासाठे शे?"

सरांना हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. त्या दिवशी ते हसले. म्हणाले, "मोजण्यासाठी, नाना."

एकदा काही कामाने त्यांच्या पिंप्राळ्याच्या घरी गेलो होतो. बाहेर मोरीत पितळी हंडा होता आणि त्याच्या गळ्यापर्यंत क्षाराचा पांढरा थर. त्यांच्या वस्तीला बोअरचंच पाणी, आमच्या शेडइतकंच जड. वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "दिवसभर हे जगाचं पाणी शुद्ध करतात आणि माझी तुरीची डाळ तीन तास शिजत नाही." मी म्हटलं, अहो, मग कॅन आणत जा की घरी. सर म्हणाले, ते प्रयोगशाळेचं पाणी आहे. मला ते पटलं नाही. पाणी माझं, कॅन माझा. मी दुसऱ्या दिवशी लोटननानांबरोबर मुद्दाम एक कॅन घरी पाठवला. त्याच्या पुढच्या दिवशी सर नेहमीच्या वेळी आले, मीटर लावलं, आणि वहीत काहीतरी लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाले, "डाळ शिजली. चव मात्र गेली." याला आभार समजायचं की तक्रार, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता धुळ्याचं सांगतो.

धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेला अकरा प्रयोगशाळांसाठी यंत्रं घ्यायची होती. माझ्यासारख्याला असं काम आयुष्यात एकदा येतं. त्यासाठी मी किती जिने चढलो, किती ठिकाणी बसून राहिलो, किती वेळा दर खाली आणला, ते माझं मला माहीत. माझ्यासमोर स्पर्धेला पुण्याकडचा एक मोठा कारखाना होता. शेवटी असं ठरलं की आम्ही यंत्र धुळ्याला आणायचं, तिथल्या नळाला जोडायचं, आणि समितीसमोर यंत्राच्या साठवणीच्या टाकीच्या तोटीतून निघालेलं पाणी मोजून दाखवायचं. काटा ठरलेल्या खुणेच्या खाली राहिला तर काम आमचं. ते मिळालं असतं तर माझी शेड कारखाना झाली असती. मागे आणखी एक जागा मी मनातल्या मनात घेऊनही ठेवली होती. सरांसाठी काचेची भिंत असलेली स्वतंत्र खोली काढायची, हेही ठरवलं होतं. त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "धूळ येणार नाही ना?"

निघायच्या सकाळी टेम्पो दाराशी उभा होता. सरांनी आदल्या दिवशी यंत्र धुऊन, मोजून, पुसून ठेवलेलं. टाकी आतून सुकावी म्हणून तिचं झाकण काढून ठेवलं होतं. आमच्याकडे नवी वस्तू दाराबाहेर पडताना पूजा होतेच; बैलगाडी असो की मोटर. मी नारळ फोडला, नळकांड्यांना कुंकवाची बोटं ओढली, हळद लावली, अक्षता टाकल्या. लोटननानांनी उदबत्ती ओवाळली. सर हात जोडून उभे होते, त्यांनी प्रसादही घेतला. मग झाकण लावलं, यंत्र चढवलं आणि निघालो. मीटर मात्र सरांनी टेम्पोत ठेवू दिलं नाही. वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी ते मांडीवर घेतलं, आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत तान्ह्या मुलासारखं धरून ठेवलं.

समितीत तिघं होते. मुख्य एक प्राध्यापक बाई, केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. बाकीचे दोघं घड्याळाकडे बघणारे. यंत्र जोडलं, पाणी सोडलं, टाकी भरली. सरांनी ग्लास तीनदा विसळला, तोटी उघडली, नमुना घेतला. काटा वर गेला आणि तिथेच थांबला.

सरांनी पाणी फेकलं. पुन्हा घेतलं. काटा वरच.

त्यांनी नळकांड्यातून थेट निघणारं पाणी मोजलं. ते उत्तम होतं. टाकी रिकामी केली, धुतली, पुन्हा भरली. तोटीतून घेतलं. काटा थोडा खाली आला, पण खुणेच्या वरच राहिला. एक तास गेला. त्या दोघांपैकी एकाने जेवणाची वेळ झाल्याचं सुचवलं. बाई म्हणाल्या, आम्ही हात धुऊन येतो, तोवर तुमचं बघा, मग शेवटचं मोजमाप करू.

ते बाहेर गेले आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो. आमच्याबरोबर जळगावहून आणलेला शुद्ध पाण्याचा एक कॅन होता. मीटरची पाण्यात बुडवायची कांडी धुवायला तो सरांबरोबर नेहमी असायचा. मी तो उचलून टाकीपाशी ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, की तोटीतून काय येतंय ते आपण घरी गेल्यावर बघू. आता फक्त ग्लास ह्यातून भरायचा. पाणी आपलंच आहे, आपल्याच यंत्राचं आहे. यात खोटं काय?

सरांनी कॅनकडे बघितलं. मग मीटरकडे. मला वाटलं, ते विचार करतायत. ते फक्त दमलेले होते.

"भाऊ, मग हे मांडीवर घेऊन आलो कशाला?"

मी चिडलो की माझी पहूरची बोली बाहेर येते. मी म्हटलं, "सर, तुम्हाले कळत नाही का, माझं बठ्ठं याच्यावर शे." यातलं 'बठ्ठं' म्हणजे सगळं आणि 'शे' म्हणजे आहे, हे काही आमच्या गावच्या बोलीतलं नाही, लोटननानांच्या संगतीने माझ्या तोंडात बसलं होतं. अशा वेळीही असलं काहीतरी लक्षात राहतं. कॅन उचलून सरांनी होता तिथे, खिडकीखाली, ठेवून दिला.

समिती परत आली. सरांनी पुन्हा तोटीतूनच नमुना घेतला. काटा सगळ्यांना दिसला. बाईंनी विचारलं, असं का होतंय?

"माहीत नाही, मॅडम," सर म्हणाले. "आत्ता एवढंच माहीत आहे, की हे पाणी तुम्ही प्रयोगाला वापरू नका. आम्ही यंत्र परत नेतो."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि कागदावर सही केली. काम पुण्याला गेलं.

परतताना पारोळ्यापर्यंत मी एक शब्द बोललो नाही. पारोळ्याला चहाला थांबलो आणि मग मात्र जे सुरू झालो ते थांबलो नाही. हॉटेलातली माणसं वळून बघत होती. तुमचा हा सचोटीचा नाद तुम्ही तुमच्या घरी करा, म्हटलं. इथे चार घरं माझ्यावर चालतात. यंत्र बनवलं तुम्ही, धुतलं तुम्ही, आणि बिघडलं का ते तुम्हालाच माहीत नाही? कसले शास्त्रज्ञ तुम्ही? आणखीही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. सर समोर बसून गल्ल्यावरच्या देवाच्या फोटोकडे एकटक बघत होते. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली होती. मला वाटलं, देवाला माझं गाऱ्हाणं घालतायत.

माझं बोलून संपल्यावर ते उठले. "मी बसने येतो," म्हणाले. मीटर त्यांनी टेम्पोच्या सीटवर ठेवलं, लुगड्याचा तुकडा नीट खोचला आणि स्टँडकडे चालू लागले. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर पोचण्याआधीच ते येऊन गेले होते. किल्ल्या टेबलावर होत्या. भांडी धुऊन पालथी घातलेली. वहीही तिथेच होती. मी ती रागाने कपाटात टाकून दिली. धुळ्याहून आलेलं यंत्र कोपऱ्यात उभं करून त्यावर गोणपाट टाकलं.

काही महिन्यांनी लोटननानांना कुठल्याशा कामाला तशीच तोटी हवी होती. त्यांनी त्या यंत्राची टाकी आडवी केली आणि तोटी आटे फिरवून काढली. मग मला हाक मारली. तोटीच्या आतल्या तोंडाशी वाळलेला लालसर गोळा अडकला होता. कुंकू, हळद, नारळाची दोन-तीन केसरं आणि तांदळाचे चार दाणे. टाकी दुधी रंगाच्या प्लॅस्टिकची. वरून कोणाला दिसणार? कुंकवात चुना असतो, खार असतो. आम्ही टाकी धूत होतो आणि पाणी निघताना याच गोळ्यावरून निघत होतं. डोळ्याला ते दिसलं नसेल, मीटरला दिसलं.

"भाऊ," नाना म्हणाले, "हाई ते आपली पूजा शे."

मी कपाटातून वही काढली. शेवटच्या पानावर, धुळ्याच्या तारखेखाली, सरांच्या बारीक अक्षरात एवढंच होतं: 'पूजेनंतर मोजले नाही. माझी चूक.'

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी इतका वेळ सांगितली नाही. त्या सकाळी प्रसाद खाऊन झाल्यावर सर मला म्हणाले होते, "भाऊ, झाकण लावायच्या आधी एकदा पाणी सोडून मोजू का?" टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं होतं, "काल मोजलं की. मुहूर्त टळतोय, चला."

हे आठवल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? सायकल काढून पिंप्राळ्याला गेला असता. मी गेलो नाही. पहिले काही दिवस वाटलं, उद्या जाऊ. मग वाटू लागलं, आता गेलो तर इतके दिवस का आला नाहीत, याचं उत्तर द्यावं लागेल. मग कोणीतरी सांगितलं, ते खोल्या सोडून बोदवडला गेले. त्याच सुमारास माझ्या मनात एक नवा राग तयार झाला. यांनी वहीत लिहिलं, मग मला तोंडावर का सांगितलं नाही? मी वही उघडणार नाही, हे माहीत असून तिच्यात लिहायचं, म्हणजे काय? मला बेसावध ठेवून हा माणूस मोठा होऊन गेला. हा राग मला पहिल्या रागापेक्षा सोपा गेला. त्यावर मी पाच-सहा वर्षं काढली.

शेड शेडच राहिली. यंत्रं मी नंतर दोन-चार विकली, पण सरांसारखं स्टुलावर बसून वाट बघणारं कोणी मिळालं नाही आणि माझ्यात तो दम नव्हता. हळूहळू पुन्हा बॅटरीच्या पाण्यावर आलो. आग मात्र कमीच ठेवत होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका नातेवाइकाकडच्या कार्याला बोदवडला गेलो होतो. परतताना दुपारी स्टेशनवर भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो. उन्हामुळे माणसं सावलीच्या पट्ट्यात दाटून बसलेली. पट्ट्याच्या टोकाला सर बसले होते. पायाशी पुठ्ठ्याचं खोकं, त्यात भुशात ठेवलेल्या काचेच्या बाटल्या. केस पांढरे झालेले, तेल नाहीच.

मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी मला ओळखलं आणि खोकं पायाने जरा आत सरकवलं, माझा धक्का लागू नये म्हणून. गावातल्या एका डॉक्टरांच्या रक्त तपासणीच्या जागेत ते पाणी बनवून द्यायचे, काच धुवायचे. मलकापूरलाही एका ठिकाणी बाटल्या पोचवायच्या होत्या, तिकडेच, माझ्या उलट दिशेला, चालले होते. वहिनींचं विचारलं. बऱ्या आहेत, म्हणाले; इथलं पाणी जरा हलकं आहे, डाळ शिजते.

मग मी म्हटलं, "सर, तोटीत कुंकू निघालं."

"हो. अक्षताही असतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"धुळ्यात नव्हतं. पारोळ्याला चहा घेताना लक्षात आलं. गल्ल्यावरच्या फोटोचं कुंकू ओघळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलत होता ना," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता, तेच तर लागलं. मी म्हटलं, सर, पूजा मी केली, अक्षता मी टाकल्या, तुम्ही मोजू का म्हणून विचारलंत तर नको मीच म्हणालो. वहीत तुम्ही तुमची चूक म्हणून लिहून आलात. ते बरोबर नाही.

"तुम्ही पूजा करणार हे मला माहीत होतं. घाई करणार हेही माहीत होतं. पूजेआधी झाकण लावायला हवं होतं, नंतर मोजायला हवं होतं. ते काम माझं."

"निदान निम्मी चूक माझी धरा."

"नाही."

"सर, निम्मी."

त्यांनी मान हलवली. आयुष्यभर मी भाव करत आलो. असा अडून बसलेला माणूस आणि असला माल पुन्हा भेटला नाही. त्यांच्यापाशी माझ्या मालकीची एवढी एकच गोष्ट होती आणि ती ते मला परत द्यायला तयार नव्हते. म्हणून म्हणतो, त्यांनी माझं नुकसान केलं. धुळ्याचं काम गेलं ते मी कधीच सोडलं. हे सुटत नाही.

समोरून त्यांची गाडी येताना दिसली. त्यांनी पिशवीतून स्टीलचा ग्लास काढला आणि फलाटावरच्या नळापाशी गेले. साधं पिण्याचं पाणी, स्टेशनचा नळ, गाडी यायला दोन मिनिटं उरलेली. त्यांनी ग्लास विसळला आणि पाणी फेकलं. पुन्हा विसळला. तिसऱ्यांदा विसळून ग्लास उलटा धरला आणि उन्हाच्या दिशेने डोळे बारीक करून बघितलं. मग भरला, प्यायले, ग्लास झटकून पिशवीत टाकला, खोकं उचललं आणि डब्यात चढले. खिडकीशी जागा मिळाली असावी, पण त्यांनी बाहेर बघितलं नाही. ते खोकं मांडीवर नीट बसवत होते.

गाडी गेली. माझी यायला अजून अवकाश होता. नळापाशी फरशीवर त्यांनी फेकलेलं पाणी उन्हात सुकत होतं. मी बसल्या जागेवरून बघत राहिलो. ते पूर्ण सुकल्यावर मागे एक बारीक पांढरं कडं राहिलं.